स्किनरचा नवस आणि वारशाचे दोन रकाने

दिल्लीत काश्मिरी गेट स्थानकावर मेट्रोतून उतरणारे बहुतेक प्रवासी आंतरराज्य बसस्थानकाकडे वळतात. तेथून पहाडात जाणाऱ्या गाड्या सुटतात, आणि बोचकी सांभाळत चाललेल्या माणसाला डावीउजवीकडे पाहण्याची सवड नसते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी उलट दिशेने चालत गेलो. मोटारींच्या सुट्या भागांची घाऊक बाजारपेठ सुटीमुळे शांत होती. १८५७ च्या तोफगोळ्यांच्या खुणा अंगावर बाळगणारा काश्मिरी दरवाजा मागे टाकला की दोन-चार मिनिटांतच झाडांआडून एक घुमट दिसू लागतो. नव्या माणसाला ती मशीद वाटते, नाहीतर एखाद्या अमिराचा मकबरा. जवळ गेल्यावर घुमटाच्या टोकावरील गोल आणि क्रूस स्पष्ट होतो. हे सेंट जेम्स चर्च. १८३६ मध्ये त्याचे समर्पण झाले. उभ्या असलेल्या व वापरात असलेल्या दिल्लीतील चर्चमध्ये ते सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

मी तेथे गेलो त्याला कारण होते एक पत्र. राजधानी क्षेत्रातील एका छोट्या गावात, जे आता गाव उरलेले नाही, एकोणिसाव्या शतकातील एक लहानसे चर्च आहे. त्याच्या मंडळीचे खजिनदार, निवृत्त शिक्षक, यांनी मला लिहिले होते : आमच्या इमारतीला वारसा म्हणून काही मूल्य आहे काय, आणि असल्यास ते कोणी ठरवायचे? प्रश्न साधा होता. धोरणविषयक लेखन करून पोट भरणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर अर्ध्या तासात देता यावे, असे मला वाटले. मला ते देता आले नाही, आणि त्या अवधीत जे घडले त्याची थोडी जबाबदारी माझ्यावरही येते. ते पुढे सांगेन. आधी काश्मिरी गेटविषयी, कारण वारशाचे मूल्य म्हणजे काय हे मला तेथेच उमगले.

हे सदर मराठीत वाचणाऱ्यांना या चर्चशी आपला काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. ज्याने हे चर्च स्वतःच्या पैशाने बांधले तो जेम्स स्किनर शिंद्यांच्या फौजेत घडलेला स्वार होता. त्याचा जन्म १७७८ चा. बाप स्कॉटिश, कंपनीच्या सैन्यातला, आई राजपूत. देशी आईच्या पोटी जन्मलेल्यांना कंपनीने अधिकारपदाचे दार बंद केले होते, म्हणून १७९५ च्या सुमारास हा तरुण दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींत दाखल झाला. त्या पलटणी डी बॉइनने महादजींसाठी उभ्या केल्या होत्या आणि पुढे त्या पेरॉनच्या हाती गेल्या. स्किनरला फारसी इंग्रजीपेक्षा अधिक सराईतपणे येत असे. दिल्लीकर त्याला ‘सिकंदरसाहेब’ म्हणत.

इसवी सन १८०० च्या आरंभी राजपुतान्यात उनियाऱ्याजवळ लढाई झाली आणि स्किनर गोळी लागून रणात पडला. त्याच्या आठवणींत हा प्रसंग आहे. जखमी आणि मेलेले यांच्यात तो रात्रंदिवस पडून होता; वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने तेथे केला. पुढे एक म्हातारा आणि एक म्हातारी टोपली व पाण्याचे मडके घेऊन आली. म्हातारी चर्मकार समाजातील होती. तिने त्याला भाकरी व पाणी दिले. शेजारी पडलेल्या एका राजपूत सुभेदाराने मात्र, आता घटकाभराचाच सोबती आहे, जात कशाला घालवू, असे म्हणून ते पाणी नाकारले. बरा झाल्यावर स्किनरने त्या म्हातारीला आई मानून पैसे पाठवले. या चर्चच्या पायात तिचे मडके आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तिचे नाव कोणत्याही भिंतीवरील फलकावर नाही, आणि वारशाचे मूल्यमापन करणाऱ्या कोणत्याही नमुना अर्जात तिच्यासाठी रकाना नाही.

१८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटले तेव्हा पेरॉनने इंग्रजी रक्ताच्या अधिकाऱ्यांना नोकरीतून काढले. त्या वर्षी ११ सप्टेंबरला यमुनेपलीकडे पटपडगंजच्या मैदानावर जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फ मैदानात उभा आहे. चेंडूमागे चालणाऱ्यांपैकी किती जण तो वाचतात याबद्दल मला शंका आहे. स्किनर लेककडे गेला, पण आपल्या जुन्या धन्याविरुद्ध, म्हणजे शिंद्यांविरुद्ध, लढणार नाही या अटीवर. त्याने उभारलेले पिवळ्या अंगरख्यांचे घोडदळ ‘स्किनर्स हॉर्स’ म्हणून आजही भारतीय सेनेत आहे, अर्थात घोड्यांऐवजी रणगाड्यांसह.

नवस फेडायला त्याला बराच काळ लागला. काम १८२६ मध्ये सुरू झाले आणि २१ नोव्हेंबर १८३६ रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी समर्पणविधी केला. मेजर रॉबर्ट स्मिथ या अभियंत्याचे नाव आराखड्याशी जोडले जाते. चारही भुजा सारख्या असलेल्या क्रूसाच्या आकाराची ही वास्तू आहे. तीन बाजूंना खांबांचे सज्जे असून मध्यावर अष्टकोनी घुमट आहे. इंग्लंडमधील खेड्यांत असते तसे टोकदार मनोऱ्याचे हे चर्च नव्हे. युरोपीय प्रबोधनकाळाची शैली दिल्लीच्या चुन्यात आणि दिल्लीच्या गवंड्यांच्या हातांनी उतरली की काय होते, ते येथे दिसते. स्किनर १८४१ मध्ये हांसीला वारला. पुढच्या जानेवारीत त्याचे शव दिल्लीला आणून वेदीजवळ पुरले गेले. १९३१ मध्ये नव्या दिल्लीत ‘कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन’ पूर्ण होईपर्यंत व्हाइसरॉय उपासनेसाठी येथेच येत.

आवारातील थडगी वाचू लागलो की पाय निघत नाही. विल्यम फ्रेझर येथे आहे. दिल्लीतील कंपनीचा प्रतिनिधी, मिर्झा गालिबांचा स्नेही, मार्च १८३५ मध्ये गोळी घालून मारला गेलेला. त्या खुनासाठी फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन अहमद खान याला त्याच वर्षी काश्मिरी दरवाजाजवळ फाशी देण्यात आले. त्या नवाबाचा तेव्हा चार वर्षांचा असलेला मुलगा म्हणजे पुढचा थोर उर्दू शायर दाग देहलवी. खून झालेल्याचे थडगे आणि फाशी गेलेल्याचा वधस्तंभ यांच्यात हाकेचे अंतर, आणि त्या अंतरातून उर्दू गझलेचा एक अध्याय जातो. थोडे पुढे थॉमस मेटकाफ आहे. महरौलीजवळच्या एका मोगल मकबऱ्याचे त्याने उन्हाळी घर केले होते. आजच्या वारसा समितीने ‘अनुकूल पुनर्वापर’ म्हणून त्याला परवानगी दिली असती की नाही, कोण जाणे.

मग १८५७. बंडाच्या काळात चर्चच्या घुमटावर गोळ्यांचा मारा झाला. टोकावरचा तांब्याचा गोल आणि क्रूस यांची त्यात चाळण झाली. ते पुढे उतरवून आवारात जतन करण्यात आले. आतल्या भिंतींवर ११ मे रोजी मारल्या गेलेल्या इंग्रज कुटुंबांचे फलक आहेत. त्यांच्यातच एक फलक डॉक्टर चमनलाल यांचा आहे. ते दिल्लीचेच होते, वैद्य होते, आणि त्याच दिवशी मारले गेले. जुलै १८५२ मध्ये याच चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. त्यांच्या बरोबरीने बाप्तिस्मा घेणारे दुसरे गृहस्थ मास्टर रामचंद्र, दिल्ली कॉलेजचे गणिताचे शिक्षक, ज्यांचा महत्तम-लघुत्तम मूल्यांवरील ग्रंथ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी पुढे लंडनहून पुन्हा प्रसिद्ध करवला. शहरात तेव्हा मोठी खळबळ माजली. चमनलाल बादशहाच्याही उपचारांना जात. त्यांना दूर करावे अशी मागणी झाली, तेव्हा बहादुरशाह जफर यांनी श्रद्धा ही ज्याची त्याची बाब असल्याचे सांगून ती धुडकावली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतील ‘आपण’ आणि ‘ते’ या विभागणीत चमनलालांचा फलक कोठे बसवावा, हे मला आजवर कळलेले नाही. तो तेथे त्या भिंतीवर आहे म्हणून निदान प्रश्न तरी पडतो.

इमारतीचे मूल्य मोजण्याची रीत जगाला ज्या दस्तऐवजाने शिकवली त्याचे नाव ‘बरा सनद’. बरा हे दक्षिण ऑस्ट्रेलियातील तांब्याच्या खाणींचे एके काळचे गाव. १९७९ मध्ये तेथे जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले की वास्तूचे सांस्कृतिक महत्त्व केवळ तिच्या सौंदर्यात वा वयात नसते. ते ऐतिहासिक, वैज्ञानिक, सामाजिक आणि, नंतरच्या सुधारणेनुसार, आध्यात्मिकही असते. हे विधान एका ओसाड होऊ लागलेल्या खाणगावात केले गेले, यात मला योगायोग दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील बेंडिगो, बॅलरॅट या सोन्याच्या गावांत खाण संपल्यावर जे उरले ते म्हणजे नगरभवने, बँकांच्या इमारती आणि चर्च. सोने नेणारे निघून गेले, पण ज्यांची बारशी, लग्ने आणि अंत्यविधी तेथे झाले ते राहिले. तेव्हा ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न पुढे आला.

आपल्याकडे कोलारला तेच झाले. १८८० मध्ये जॉन टेलर कंपनीने तेथे काम सुरू केले. कॉर्नवॉलचे खाणकामगार आले, अँग्लो-इंडियन आले, तमिळ मजूर हजारोंनी आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची देवळे, मशिदी, चर्च आली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. कोलारवर चित्रपट निघाले, पण तेथील उपासनास्थळांची तपशीलवार, प्रत्येक भिंतीची नोंद असलेली यादी करावी असे कोणत्याही सरकारला तातडीचे वाटलेले नाही. दिल्लीचे सोने म्हणजे सत्ता. ती जिथे जिथे वसली आणि तिथून उठली तिथे तिथे तिने अशीच वस्ती मागे ठेवली.

आता कायदा. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांचे वय आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलात्मक महत्त्व या दोन कसोट्या आहेत. त्या पार केल्यावरही केंद्र सरकारने ती वास्तू ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ असल्याचे जाहीर करावे लागते. देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत, दिल्लीत सुमारे पावणेदोनशे. या यादीत काश्मिरी दरवाजा आहे, तटाचा तुकडा आहे. सेंट जेम्स चर्च नाही. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आणले. म्हणजे आजूबाजूच्या वास्तूंना शेजाऱ्याच्या छत्रीचा आडोसा मिळतो, पाऊस मात्र आपापल्या छपरावरच झेलावा लागतो.

यादीत असणे म्हणजे सुरक्षित असणे, असेही नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी करवली, तेव्हा त्यांतील ९२ सापडलीच नाहीत. काश्मिरी दरवाजाबाहेरचा निकल्सनचा पुतळा तर केव्हाच समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडमधील त्याच्या शाळेत गेला. दिल्लीत राहिली ती कागदावरची नोंद.

केंद्राच्या यादीबाहेरच्या वास्तूंसाठी शहरपातळीवरचे नियम असतात. याबाबत मुंबई देशात पहिली. १९९५ च्या वारसा नियमावलीने सहाशेहून अधिक वास्तूंना श्रेणी दिल्या; कुलाब्याचे अफगाण चर्च त्यांत पहिल्या श्रेणीत आहे. दिल्लीने २००४ मध्ये बांधकाम उपविधींत तशीच तरतूद केली, वारसा संवर्धन समिती नेमली, आणि २०१६ च्या एकत्रित उपविधींत ती कायम राहिली. महापालिका हद्दीतील वारसावास्तूंमध्ये सेंट जेम्सची गणना होते. हा सारा व्यवहार पाडू नका, बदलू नका, विचारल्याशिवाय रंग लावू नका, असा नकारार्थी आहे, आणि ते आवश्यकच आहे. पण छप्पर गळू लागले तर काय करावे, याचे उत्तर त्यात सापडत नाही. अशा वेळी सरकारदरबारी दोनच रकाने उरतात : ‘स्मारक’, म्हणजे आमचे, किंवा ‘धार्मिक मालमत्ता’, म्हणजे तुमचे तुम्ही पाहा.

हे दोन रकाने आकाशातून पडलेले नाहीत. इंग्रजी अमदानीत सैनिक व अधिकाऱ्यांसाठीच्या कित्येक चर्चची देखभाल सार्वजनिक बांधकाम खाते करीत असे; सरकारचे स्वतंत्र धर्मखाते होते. १९२७ च्या इंडियन चर्च कायद्याने भारतातील अँग्लिकन चर्चचा इंग्लंडच्या राजसत्तेशी असलेला संबंध तोडला, आणि स्वातंत्र्यानंतर धर्मखाते बंद झाले. योग्यच झाले. धर्मनिरपेक्ष राज्याने एका पंथाचे पगार देणे अयोग्य होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात विविध प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले, आणि या इमारतींचा मोठा भाग त्याच्या पदरात आला. साम्राज्याच्या मापाने बांधलेल्या वास्तू कारकून, परिचारिका, शिक्षक आणि रेल्वे कर्मचारी यांच्या मंडळ्यांकडे वारशाने आल्या. दिल्ली छावणीतील सेंट मार्टिन्स गॅरिसन चर्च पाहा. आर्थर शूस्मिथने १९३० च्या सुमारास पूर्ण केलेली ही वास्तू सुमारे ३५ लाख विटांची, जवळजवळ खिडक्यांविना उभी असलेली, एखाद्या किल्ल्यासारखी आहे. जगभरचे वास्तुविशारद ती पाहायला येतात. पलटणच्या पलटण सामावेल असे हे सभागृह रविवारच्या मंडळीच्या वर्गणीतून दुरुस्त होत राहावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे सातबारा नातवाच्या नावे करून वाड्याचे छप्पर शाकारायला त्याच्या खाऊचे पैसे मागणे होय.

आता त्या पत्राकडे येतो. खजिनदारांना मी उत्तर लिहिले की घाई करू नका, मी विचारतो. मग एका कार्यालयाला पत्र पाठवले. त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवले. दुसऱ्याने विचारले, वास्तू अधिसूचित आहे काय? नव्हती. तिसऱ्याने कळवले की धार्मिक संस्थेच्या खासगी मालमत्तेबाबत सल्ला देण्याची तरतूद नाही. कोणीही उद्धट नव्हते. प्रत्येक जण आपल्या रकान्याशी प्रामाणिक होता. एका संवर्धन वास्तुविशारदाने अंदाजपत्रक दिले. ते रास्त होते, पण मंडळीजवळ जमलेल्या रकमेच्या तिप्पट. मी म्हटले, अजून थोडे थांबा. एक पावसाळा गेला. उत्तरेकडच्या भिंतीचा गिलावा हाताच्या दाबाने सुटू लागला. पावसाळ्यानंतर आलेल्या पत्रात खजिनदारांनी लिहिले की काम झाले. गावातल्याच एका ठेकेदाराने वाजवी दरात सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि मधल्या वाटेवरच्या जुन्या लाद्यांवर चकचकीत टाइल्स बसवल्या. त्या लाद्यांत तीन स्मृतिशिला होत्या.

मी तेथे गेलो. पत्नीही बरोबर होती; तिने गाडीतच बजावले होते की तोंड वाकडे करायचे नाही. खजिनदारांनी दार उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लेकीच्या लग्नाआधी घर रंगवून घेतलेल्या बापाचे समाधान होते. पांढऱ्या भिंती, चमकणारी जमीन. म्हणाले, “साहेब, आता पन्नास वर्षे बघायला नको.” मी मान डोलावली. दुसरे काय करणार होतो?

पन्नास वर्षे नव्हे, फार तर दहा. जुनी भिंत चुन्याची आणि सच्छिद्र असते. पाया ओल ओढतो, ती विटांतून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणतात ते हेच. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर चढवला की ओल आत कोंडते आणि वर चढत जाते. क्षार विटेच्या पोटात साचतात, त्यांचे स्फटिक होतात आणि वीट आतून भुगा होऊ लागते. बाहेरून काही वर्षे सारे छान दिसते. मग सिमेंटचा पापुद्रा निघतो आणि त्याला चिकटून विटेचा दर्शनी भागही येतो. पन्नास वर्षांच्या दुर्लक्षाने जे होत नाही ते एका आस्थेवाईक दुरुस्तीने होते. चुना आजही मिळतो. पण तो महिनोन्महिने भिजवून मुरवणारा, सुरखी चाळणारा, एक थर वाळेपर्यंत दुसऱ्याला हात न लावणारा कारागीर ठेकेदाराच्या दरपत्रकात बसत नाही.

संरक्षित यादीत असूनही काय घडू शकते, हे मराठी वाचकांना गोव्यात पाहता येईल. जुन्या गोव्याचे बॉम जेझू बॅसिलिका पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, १९८६ पासून जागतिक वारशात आहे आणि तेथे आजही मिस्सा होते. म्हणजे संरक्षण आले की उपासना संपली, ही भीती निराधार आहे. १९५८ च्या कायद्यातच उपासनास्थळाचा मान राखण्याचे कलम आहे. पण आज पर्यटकांना भावणारा तिचा तांबडा जांभा मुळात असा उघडा नव्हता. त्यावर गिलावा होता आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यास, ‘प्राचीन’ रूप दिसावे या हौसेने, काढण्यात आला. कोकणच्या पावसात उघडा जांभा झिजतो, तो पुन्हा झाकावा, असे तेथील धर्मगुरू म्हणतात. दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेले तांबडे रूप कसे झाकायचे, असे इतरांना वाटते. मला धर्मगुरूंचे म्हणणे पटते. पण हा वाद तेथे निदान होऊ शकतो, कारण वास्तूला एक उत्तरदायी खाते आहे. माझ्या खजिनदारांच्या चर्चला वाद घालायलाही कोणी नव्हते.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला : ही परकीय सत्तेची चिन्हे, आपल्याच लोकांना चिरडणाऱ्यांचे गुणगान करणारे फलक आपण कशासाठी जपायचे? काश्मिरी गेटच्या भिंतींवर १८५७ चे इंग्रज मृत आहेत. त्यानंतर शहर परत घेताना कापले गेलेले हजारो दिल्लीकर नाहीत, हे खरे आहे. मला त्या भिंतीसमोर अस्वस्थ वाटते आणि तसे वाटावे असेच मी म्हणेन. परंतु फलक उतरवल्याने ती नावे भिंतीवर येत नाहीत. शेजारी एक नवा फलक लावला तर येतील. शिवाय या वास्तूला ‘त्यांची’ म्हणणे स्किनरवर अन्याय आहे, ज्याला कंपनीने तो पुरेसा ‘त्यांचा’ नाही म्हणून नाकारले होते, आणि चमनलालांवरही. तेथे आज प्रार्थना करणारे तर निखळ दिल्लीकर आहेत.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे : धर्मनिरपेक्ष राज्याने उपासनास्थळाच्या दुरुस्तीसाठी करदात्यांचा पैसा का द्यावा? संविधानाचे कलम २७ विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती करू देत नाही. गुजरातमध्ये २००२ च्या हिंसाचारात नुकसान झालेल्या धार्मिक वास्तूंच्या दुरुस्तीसाठी भरपाई द्यावी, असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो रद्द केला आणि प्रत्येकी कमाल ५० हजार रुपयांच्या सरकारी साहाय्य योजनेला मान्यता दिली. मी वकील नाही, पण त्या प्रकरणातून मला एवढे दिसते की पैसा मागण्याचा सर्वसाधारण हक्क नाही, आणि धर्म न पाहता बेताचे साहाय्य देणाऱ्या योजनेला आडकाठीही नाही. कलम ४९ राज्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू जपायला सांगते. कलम ५१ क ते काम नागरिकांकडेही सोपवते. ब्रिटनने २००१ पासून सर्व धर्मांच्या सूचिबद्ध उपासनास्थळांना दुरुस्तीवरचा मूल्यवर्धित कर परत देण्याची योजना चालवली. अलीकडे तिच्यावर मर्यादा आल्या, पण पंथ पाहून नव्हे. कर मागे देणे म्हणजे धर्माला अनुदान नव्हे. जपणुकीवर दंड न लावणे आहे.

मला स्वतःला मोठ्या निधीची भीतीच वाटते. मोठा निधी आला की संगमरवर येतो, रोषणाई येते, प्रवेशद्वारावर कोनशिला येते. त्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी चुन्याचे काम जाणणारे चार गवंडी आणि एक अभियंता असावा. त्याने शंभर वर्षांवरील कोणत्याही सार्वजनिक वापराच्या वास्तूला, मग ते देऊळ असो, दर्गा असो, गुरुद्वारा असो वा वाचनालय, भेट देऊन फुकट सल्ला द्यावा आणि तो साठ दिवसांत लेखी द्यावा. मोबदल्यात मंडळीने वास्तूची छायाचित्रे व मोजमापे जमा करावीत आणि वर्षातून काही दिवस दारे सर्वांना उघडी ठेवावीत. इनटॅकच्या २००४ च्या सनदेने संरक्षणाबाहेरच्या वारशासाठी आणि पारंपरिक कारागिरांसाठी हाच विचार मांडला होता. वीस वर्षांनंतरही तो प्रामुख्याने परिसंवादांत आढळतो. याला फार खर्च येणार नाही. पण यात उद्घाटन करण्यासारखे काही नाही, आणि माझ्या मते अडचण तीच आहे.

काश्मिरी गेटला त्या रविवारी उपासना संपल्यावर मी आवारात रेंगाळलो. समोरच्या रस्त्यावर सेंट स्टीफन्स कॉलेजची जुनी इमारत आहे. १९४१ मध्ये कॉलेज तेथून हलले आणि आता तेथे दिल्लीच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. स्किनरच्या वाड्याच्या जागेत हिंदू कॉलेज १९५३ पर्यंत भरत असे. एक म्हातारे गृहस्थ थडग्यांभोवतीची पाने गोळा करीत होते. मी त्यांना विचारले, ही देखभाल कोण करते? त्यांनी हातातल्या खराट्याकडे पाहिले आणि हसून आत निघून गेले.

खजिनदारांचे पुन्हा पत्र आले आहे. उत्तरेच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर फुगवटे आले आहेत, आणि एका स्मृतिशिलेवरील टाइल्स काढून पाहायचे मंडळीने ठरवले आहे. ज्या कुटुंबाची ती आहे त्याचे वंशज मेरठहून येणार आहेत. चुन्याचे काम करणारा एखादा गवंडी माहीत असल्यास कळवावे, दिवाळीनंतर सुरू करू, असे त्यांनी लिहिले आहे. मी चौकशी करून दोन फोन क्रमांक पाठवले. एक उचलला जात नाही. दुसरा गवंडी अलवरजवळ राहतो, सत्तरीचा आहे, आणि त्याने विचारले की सिमेंट आधी लावले आहे का.